सुधारून वाढवलेली आवृत्ती

मुखपृष्ठावर ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ असं दिसलं की मी आधी जुनी प्रत शोधतो. मुद्रितशोधनात आयुष्य गेलं, त्याची ही खोड. वाढवलेल्या मजकुराचा डंका प्रकाशक स्वतःच पिटतो. गाळलेल्या ओळी मात्र दोन प्रती शेजारी ठेवल्याशिवाय सापडत नाहीत.

या रविवारी टेबलावर अशा दोन प्रती होत्या. एक माझा गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा. २०२३ साली, पाखरांचा नाद नवा होता तेव्हा, सव्वा लाखाला एक रुपया कमी देऊन घेतलेला. दुसरा पुतण्याचा एस२५ अल्ट्रा, जानेवारी २०२५ मध्ये आलेला. तिथेही बाजारात येताना तो एक रुपया राखलेला होताच: १,२९,९९९. ‘‘काका, दिवसभर वापरा आणि घेऊनच टाका,’’ असं म्हणून तो गेला.

हातात घेताच कळतं ते वजन. २३४ ग्रॅमचे २१८ झालेत. सोळा ग्रॅम म्हणजे दहाची जेमतेम दोन नाणी. खिशाला त्याचं काही नाही. पण रात्री पाठ टेकून वाचताना फोनचा सगळा भार करंगळीवर येतो, आणि करंगळीला नाणी मोजता येतात. माझ्या फोनचा पडदा दोन्ही कडांना उतरता आहे. तिथवर फोनसोबतचं पेन नेलं की घसरतं, म्हणजे समासात लिहिणाऱ्याची पंचाईत. नव्याचा पडदा काठापर्यंत सपाट आहे. समास परत मिळाला. कोपरे मात्र गोल केलेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या नोट मालिकेचा वहीसारखा चौकोनी बाज अल्ट्राने वारशात घेतला होता, तो गेला. आता चार फोनांत ठेवला तर ओळखायला पाठ फिरवून बघावं लागतं.

काचेपाशी मी बराच वेळ थांबलो. बंद फोन म्हणजे आरसाच, अशी सवय आपल्याला झालेली आहे. गॅलरीत उन्हात बसून वाचायला घेतलं की मजकुरावर आपलाच चष्मा आणि मागची वाळत घातलेली धोतरं. एस२४ अल्ट्रापासून या मालिकेत परावर्तन दाबणारी काच आली. साध्या काचेपेक्षा पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कमी, असा ती बनवणाऱ्या कॉर्निंगचा दावा. टक्केवारी मी मोजू शकत नाही, पण दुपारी दीड वाजता दोन्ही फोन शेजारी धरले तेव्हा माझ्या पडद्यावर धोतरं होती आणि नव्यावर नुसती अक्षरं. काळा रंग खरोखर काळा, शाईच्या दौतीत पाहिल्यासारखा. गंमत म्हणजे आपल्याकडे फोन घेतल्यावर पहिलं काम असतं ते त्यावर टेम्पर्ड चिकटवायचं, आणि साधी टेम्पर्ड बसली की ही सगळी करामत तिच्याखाली गाडली जाते. पुतण्या उद्या लावणार होता. त्याला फोन करून थांबवलं.

इथवर नवी आवृत्ती जिंकत होती. मग मी फोन उलटे केले.

माझ्या फोनच्या पाठीवर चार भिंगांपैकी एकाची खिडकी चौकोनी आहे. आत शिरलेला प्रकाश तिथे काटकोनात वळतो आणि फोनच्या जेमतेम नऊ मिलिमीटर जाडीत आडवा पडून भिंगांच्या रांगेतून संवेदकापर्यंत जातो. दहापट जवळ आणणारी ही दुर्बीण. नव्यात रचना तीच, पण भिंग पाचपटीचं. त्यामागचा संवेदक मोठा, दहाऐवजी पन्नास मेगापिक्सेलचा, आणि भिंगही उजेडाला अधिक उदार. दहापट हवं असेल तर मधला तुकडा कापून घ्या, असा संपादकीय युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. माझ्या फोनमध्ये तिपटीनंतर थेट दहापट. मधल्या अंतरात तो तिपटीचं चित्र ताणत बसतो. नातीच्या शाळेचं गॅदरिंग आठव्या रांगेतून टिपायचं तर पाचपटच हवी. बहुतेक घरांना गॅदरिंग असतं, फ्लेमिंगो नसतो. कुणाची सोय पाहून काट मारली ते कळतं. तरी समोरच्या इमारतीच्या टाकीवर घार बसली होती, तिच्यावर दोन्ही फोन लावले. भर उन्हात माझ्या फोनमध्ये पिसांच्या कडा सुट्या दिसत होत्या. नव्यात त्या दिसत होत्या, पण कुणीतरी नंतर गिरवल्यासारख्या. संध्याकाळी उजेड उतरल्यावर नव्याचं चित्र सरस आलं, हेही नोंदवतो.

दुसरी गाळलेली ओळ पेनात सापडली. सवयीने फोन पुस्तकाला टेकवून उभा केला, पेन काढलं, बायकोशेजारी जाऊन बसलो आणि पेनाचं बटण दाबलं. आम्ही दोघं हसत राहिलो, फोन ढिम्म. २०१८ च्या नोट ९ पासून या पेनात ब्लूटूथ होतं, लांबून फोटो काढता यायचा. नव्या पेनातून ते काढलंय. लिहिता येतं पूर्वीसारखंच, कारण त्यासाठी पेनाला बॅटरी लागतच नाही, शक्ती पडद्यातून मिळते. बटणही जागेवर आहे. अर्थ गेला आणि विरामचिन्ह राहिलं, अशी ओळ प्रुफात आली असती तर मी तांबड्या शाईने गोल केला असता.

बाकी मजकूर भराभर चाळला. बॅटरी ५,००० एमएएच, २०२० च्या एस२० अल्ट्रापासून ध्रुवपदासारखी तीच. एआयला माहितीपत्रकात सर्वांत जास्त पानं आहेत, माझ्याकडून सर्वांत कमी वेळ मिळाला. एक ओळ मात्र दोनदा वाचली: नव्याला सुरक्षेचे अपडेट सात वर्षं, माझ्या फोनला पाच, म्हणजे २०२८ च्या सुरुवातीपर्यंत. बँकेचं ॲप ज्यात आहे त्या फोनबाबत ही ओळ काचेपेक्षा वजनदार. पण २०२८ यायचंय.

संध्याकाळी पुतण्या आला. ‘‘मग काका?’’ मी त्याला काचेचं कौतुक ऐकवलं आणि फोन परत दिला. या हिवाळ्यात पुन्हा भिगवणला जायचंय. उजनीच्या फुगवट्यात फ्लेमिंगोंचा थवा दिसू लागला की नावाडी बराच अलीकडे होडी थांबवतो. अजून थोडं पुढे घे म्हटलं तर मान हलवतो, कारण मग ते उडतात.