'चोरी' ही संज्ञा आणि संरक्षणविषयक सॉफ्टवेअर

मराठीत वस्तू 'चोरीस जाते'. ह्या प्रयोगातील 'जाणे' हे क्रियापद केवळ आलंकारिक नव्हे; वस्तू मूळ जागी उरत नाही, हा त्याचा अर्थघटक होय. कायद्याची व्याख्याही ह्याच कल्पनेवर उभी आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील 378 वे कलम आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतील 303 वे कलम, ह्या दोहोंत जंगम मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यातून काढण्यासाठी हलविणे हे चोरीचे लक्षण मानले आहे. संरक्षणविषयक सॉफ्टवेअरला हे लक्षण लावणे कठीण. त्याची प्रत नेली तरी मूळ जागच्या जागी राहते, आणि धन्यास हानीची जाणीवही होत नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ह्याने ही उणीव अंशतः भरून काढली. त्याच्या 43 व्या कलमात अनुमतीवाचून प्रत घेण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. परंतु 2008 च्या दुरुस्तीने त्याच कलमात सोर्स कोडची 'चोरी' आणली, ती व्याख्येवाचूनच. 65 वे कलम सोर्स कोड लपविणे, नष्ट करणे वा बदलणे ह्यांपुरतेच आहे. ज्याची खरी भीती, ते प्रतिलेखन तेथे नाही.

शासकीय गुपिते अधिनियम, 1923 हा नकाशे, आराखडे व टिपणे ह्यांच्या काळातला; तरीही एका बाबतीत तो अधिक सूक्ष्म आहे. शत्रूस उपयोगी पडेल असे कृत्य करणे आणि गुपिताची वाजवी काळजी न घेणे, हे त्यात भिन्न अपराध होत. ह्या भेदाचे मोल नागपूरच्या प्रकरणात दिसते. ब्रह्मोस प्रकल्पातील एका अभियंत्यास ऑक्टोबर 2018 मध्ये अटक झाली. गोपनीय फायली त्याच्या खाजगी लॅपटॉपवर आढळल्या होत्या. जून 2024 मध्ये सत्र न्यायालयाने त्यास जन्मठेप दिली. डिसेंबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीचे आरोप अमान्य करून निष्काळजीपणाची तीन वर्षांची शिक्षा तेवढी कायम ठेवली. एका शब्दाऐवजी दुसरा लागू होताच जन्मठेपेची तीन वर्षे झाली.

सभासद बखरीत (1697) गडाचा कारभार हवालदार, सबनीस व सरनोबत ह्या समान दर्जाच्या तिघांकडे सोपविल्याचे वर्णन आहे. एकाच्या हाती सर्वस्व न देण्याचे हे तत्त्व सॉफ्टवेअरच्या रक्षणासही ग्राह्य आहे. साम्य मात्र येथेच संपते. गेलेला गड परत घेता येतो. गेलेली प्रत परत घेता येत नाही, कारण तिच्या आणखी किती प्रती झाल्या हे कळण्यास मार्ग नसतो.

म्हणून संज्ञेची शुद्धी हा केवळ कोशकाराचा विषय ठरत नाही. 'चोरी' ह्या शब्दावर विसंबणारा पहारेकरी नाहीशा झालेल्या वस्तूचा शोध घेत राहील. येथे तर काहीच नाहीसे झालेले नसते. उलटपक्षी, 'हेरगिरी' हा शब्द सैलपणे योजला, तर गाफील मनुष्यही द्रोही ठरेल. अनधिकृत प्रतिलेखन, बेफिकिरी आणि शत्रूस हेतुपुरस्सर दिलेले साहाय्य ह्या तीन क्रियांना तीन निश्चित नावे हवीत. त्यांवाचून गुपिताचे रक्षणही होणार नाही आणि न्यायही होणार नाही.