टोपलीत बसलेला मुन्सफ

सर सय्यद म्हटले की आपल्या सभा-संमेलनांत अलिगडचीच चर्चा होते. त्याच्या कितीतरी आधी दिल्लीत मुन्सफ असलेले, जेमतेम तिशीचे सय्यद अहमद सुट्टीच्या दिवशी पडक्या मशिदी आणि मकबरे पालथे घालत होते. ‘आसार-उस-सनादीद’ (१८४७) हा ग्रंथ त्या पायपिटीतून झाला.

कुतुबमिनारवरचे उंचावरील लेख खालून वाचता येईनात, तेव्हा ते टोपलीत बसून वर टांगले गेले आणि अक्षरे उतरवून घेतली. खाली उभे असलेले त्यांचे मित्र, फारसीचे विद्वान इमामबख्श सहबाई भीतीने पांढरेफटक पडत, असे हालींनी ‘हयाते जावेद’मध्ये लिहिले आहे. हा किस्सा सगळेच सांगतात. मला ग्रंथाची मांडणी अधिक बोलकी वाटते.

पहिल्या आवृत्तीत वाचक लेखकाबरोबर चालतो. आधी शहराबाहेरच्या इमारती, मग लाल किल्ला, मग शाहजहानाबाद. चौथ्या भागात इमारती संपतात आणि माणसे भेटतात: सूफी, आलिम, हकीम, शायर, खुशनवीस, गवई. गालिब तेथे आहेत, सहबाईही आहेत. भाषा मात्र अलंकारांनी इतकी जड, की स्तुतीच्या ओझ्याखाली माणूस दिसेनासा होतो.

१८५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा दोष गेला. साधी उर्दू, कालक्रम, शिलालेखांचा आधार. गार्सां द तासी यांनी १८६१ मध्ये तिचा फ्रेंच अनुवाद केला. संशोधन म्हणून हीच आवृत्ती सरस, याबद्दल वाद नाही. पण चालण्याचा क्रम मोडला, आणि चौथा भाग सर सय्यदांनी गाळून टाकला. माणसे रोज भेटत होती, त्यांची नोंद ती काय ठेवायची, असे त्यांना वाटले असेल काय?

अवघ्या तीन वर्षांत १८५७ आले. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर सहबाई मारले गेले. किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधली वस्ती जमीनदोस्त झाली. अकबराबादी मशीद पाडली गेली; ती कशी होती हे पाहायला आज याच ग्रंथातील वर्णन आणि चित्र उघडावे लागते. गाळलेल्या त्या भागाचेही तसेच. जुना, बोजड, पण त्या दिल्लीकरांना जिवंतपणी टिपलेला.

राणा सफवी यांचा इंग्रजी अनुवाद २०१८ पासून उपलब्ध आहे. उर्दू वाचता येत असेल त्याने मात्र मूळ पहिली आवृत्तीच मिळवावी, आणि चौथ्या भागापासून सुरुवात करावी. सहबाईंचा मोहल्ला, कूचा चेलान, दिल्लीत अजून आहे.