एक मस्तक, दोन अवस्था

कोरलेल्या व्यक्तिचित्राची मुद्राचित्रे कलाविचाराला नेहमीच पेचात टाकतात. एकाच तांब्याच्या पत्र्यावरून शेकडो प्रती निघतात आणि दुकानात विकल्या जातात. मग त्यांना कलाकृती म्हणावे की माल? अँथनी व्हॅनडाइक (१५९९–१६४१) या फ्लेमिश चित्रकाराच्या ‘आयकॉनोग्राफी’ या व्यक्तिचित्रमालेतून या प्रश्नाचे मर्म स्पष्ट होते.

१६३०नंतरच्या दशकात अँटवर्पचा प्रकाशक मार्टिन व्हान डेन एंडेन याने या मालेतील ८० चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत राजपुरुष, सेनानी, मुत्सद्दी आणि विद्वान होते; पण ५२ चित्रे कलावंतांची व कलासंग्राहकांची होती. बहुतेक पत्रे व्होर्स्टरमान, पाँटियस यांसारख्या व्यावसायिक कोरणाऱ्यांनी व्हॅनडाइकच्या रेखाटनांवरून तयार केले. काही मस्तके मात्र त्याने स्वतः आम्लरेखनाने उतरविली.

त्यांपैकी एक मस्तक त्याचे स्वतःचेच. खांद्यावरून मागे वळून पाहणारा चेहरा, आणि भोवती जवळजवळ कोरा पत्रा. व्हॅनडाइकच्या मृत्यूनंतर १६४५मध्ये खिलिस हेंड्रिक्स या प्रकाशकाने १०० चित्रांची आवृत्ती काढली, तेव्हा याकोब नेफ्स याने त्याच पत्र्यावर कोरणी चालवून त्या मस्तकाला चौथऱ्यावरील अर्धपुतळ्याचे रूप दिले. चौथऱ्यावर ग्रंथाचे शीर्षक आले आणि आत्मचित्राचे मुखपृष्ठ झाले.

आधुनिक अभिरुची पहिल्या अवस्थेला कलाकृती आणि दुसरीला व्यापारी हस्तक्षेप मानते. रेषांच्या चैतन्याच्या दृष्टीने हा कौल रास्त आहे. नेफ्सच्या शिस्तबद्ध रेषांपुढे मूळ मस्तकाची चपळाई लपत नाही. परंतु पहिल्या अवस्थेच्या प्रतींना आज जे मोल आहे, त्यात त्यांच्या दुर्मीळतेचाही वाटा आहे. आणि दुर्मीळता हे बाजाराचेच परिमाण होय. उलटपक्षी, चित्रकाराचा चेहरा राजपुरुषांच्या पंक्तीत बसला आणि घरोघरच्या संग्रहांत पोचला, तो विक्रीसाठी सिद्ध झालेल्या या मालेमुळेच. कलावंताची जी प्रतिष्ठा गृहीत धरून आजचा रसिक कोऱ्या पत्र्यावरील मस्तकाला वंदन करतो, ती घडविण्यात त्या चौथऱ्याचाही हात आहे.

म्हणून दोन्ही अवस्था शेजारी ठेवूनच वाचल्या पाहिजेत. त्यांपैकी एकीलाच अस्सल ठरविणारी समीक्षा मुद्राचित्राचे मूल्यमापन तैलचित्राच्या मापाने करते, आणि त्या माध्यमाचा स्वभावच तिच्या हातून निसटतो.