वळणदार फॉन्ट आणि ‘परंपरा’तले दोन ‘र’

लग्नपत्रिका, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, चौकातला वाढदिवसाचा फलक. यांसाठी एकेकाळी सुलेखनकार, निदान बरं अक्षर असलेला पेंटर गाठावा लागे. आता डीटीपीवाला यादीतून एखादा वळणदार फॉन्ट उचलतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. सोय झाली, यात वाद नाही; प्रश्न वळणाचा आहे.

देवनागरीचं वळण बोरूच्या छाटणीतून आलं. तिरक्या छाटलेल्या टोकाचा कल रोमन लिपीच्या टाकाच्या उलट असतो. म्हणून जाड आणि बारीक रेषांच्या जागाही उलटतात. हे लक्षात न घेता रोमन फॉन्टचे लफ्फे शिरोरेषेला चिकटवले, की अक्षर नटतं, पण बसत नाही. पत्रिकांवरचे निम्मे फॉन्ट याच जातीचे. उलट, कॅथरीन ली श्मिट यांच्या ‘यात्रा वन’मध्ये देवनागरीला जाणूनबुजून रोमन टाकाचा ४५ अंशांचा कोन दिला आहे. मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून ही कल्पना सुचली. नियम मोडला आहे, पण पेंटरच्या कुंचल्याची साक्ष काढून. म्हणून तो कोन उपरा वाटत नाही.

खरी अडचण पुनरावृत्तीची आहे. हातानं लिहिताना वेलांटी शेजारचं अक्षर पाहून लांबते, उकार खाली जागा असेल तेवढाच झुलतो. फॉन्टमध्ये ‘परंपरा’ टाइप करा: दोन्ही ‘प’ आणि दोन्ही ‘र’ शिक्का मारल्यासारखे एकसारखे. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे अक्षरं रेखाटत, तेव्हा अख्खा शब्दच एक चित्र म्हणून रचला जाई. आजचे बहुतेक फॉन्ट सुटी सुंदर अक्षरं पुरवतात. शब्द जुळवणं वापरणाऱ्यावर सोडतात.

तंत्राची सबब इथे चालत नाही. हेरमान त्साप्फ यांच्या १९९८च्या ‘झाप्फिनो’ फॉन्टमध्ये एकाच रोमन अक्षराची अनेक रूपं आहेत. ओपनटाइप या फॉन्टच्या तंत्रात शेजार पाहून रूप बदलण्याची सोय देवनागरीलाही आहे. मात्र देवनागरीत आधी शेकडो जोडाक्षरं घडवावी लागतात, त्यावर पर्यायी रूपं म्हणजे मेहनत दुप्पट. एवढं करून फॉन्ट विकत घेणारे किती? पेनड्राइव्हवरून फुकट फिरणाऱ्या फॉन्टांच्या बाजारात हा प्रश्न कारागिराला परवडणारा नाही. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराचं सर्वाधिक नजरेखालून गेलेलं काम ‘मंगल’ असावं, हीही गंमतच: विंडोजमधला तो फॉन्ट साधा, पडद्यावर वाचण्याच्या कामाचा.

मोडीची गोष्ट आणखी अवघड. तिथे ओळभर शिरोरेषा आधी ओढून मग लेखणी शक्य तितकी न उचलता लिहीत. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली, म्हणजे संगणकाला अक्षरं कळली. धावता हात फॉन्टकारालाच घडवावा लागेल.

जाणकार डिझायनर तोवर आपली वाट काढतात. शीर्षक फॉन्टमध्ये टाइप करायचं, त्याचे ‘कर्व्ह’ (हव्या तशा वळवता येणाऱ्या रेषा) करायचे, एक वेलांटी ओढून शेजारच्या कान्यावर न्यायची, दुसरा ‘र’ थोडा वाकवायचा. चित्रपटांच्या आणि पुस्तकांच्या शीर्षकांत हा हात ओळखू येतो.