विहिरीपाशी थांबायला हवे होते

इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ हा १९५४ चा जपानी चित्रपट मुलांबरोबर पुन्हा पाहिला. टोकियो तुडवणारा तो अजस्र प्राणी पाहून मुले हरखली. माझे मन मात्र पूर्वार्धातल्या एका साध्या प्रसंगात अडकले. बेटावरच्या विहिरीपाशी शास्त्रज्ञ यंत्र धरतो आणि हे पाणी वापरू नका, म्हणून गावकऱ्यांना बजावतो. चित्रपटातले खरे भय येथेच आहे.

त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने मार्शल बेटांतल्या बिकिनीवर हायड्रोजन बाँबचा चाचणीस्फोट केला. शेजारच्या रोंगेलापवर पांढरी राख पडली. ती पिण्याच्या पाण्यात उतरली, पोरे तिच्यात खेळली. त्या दिवशी त्यांना बजावायला कोणी आले नाही. हलवले ते दोन दिवसांनी. १९५७ साली ‘आता धोका नाही’ म्हणून परत नेले. पुढे कित्येकांच्या गळ्यात गाठी आल्या, आणि १९८५ साली लोकांनी आपण होऊन बेट सोडले.

होंडांचा कॅमेरा विहीर सोडून राजधानीकडे धावतो, हा दोष मला फार खटकला. अखेर प्राणी मरतो आणि प्रेक्षक निःश्वास टाकून घरी जातो. रोंगेलापकरांना तीही सोय नव्हती.