नाना शंकरशेट ह्यांचे 1847 मधील टिपण : चरित्रलेखनाच्या अनुषंगाने

दानशूर व्यापाऱ्याचे चरित्र लिहिणे हे वरवर पाहता सोपे काम आहे. कोणत्या संस्थेस काय दिले, कोणत्या सभेचे अध्यक्षपद भूषविले, सरकारदरबारी कोणता मान मिळाला, ह्यांची यादी सिद्ध झाली की चरित्रही सिद्ध झाले, अशी आपली समजूत असते. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (1803-1865) ह्यांच्यासंबंधीचे मराठीतील परिचयात्मक लेखन पुष्कळसे ह्याच वळणाचे आहे. त्यात सतीबंदीस दिलेला पाठिंबा असतो, 1852 ची बाँबे असोसिएशन असते, आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली आगगाडी तर हटकून असते. घाटकोपर-मुलुंडकडून विद्यानगरीत येणारे आपले विद्यार्थी आजही त्याच मार्गाने येतात. तेव्हा त्या गाडीचे अप्रूप समजण्याजोगे आहे. परंतु नानांच्या शैक्षणिक कार्याचा गाभा ज्या एका कागदात आहे, त्याच्या वाट्यास ह्या लेखनात बहुधा एखाददुसरे वाक्यच येते.

तो कागद म्हणजे शिक्षणाच्या माध्यमाविषयी त्यांनी 1847 साली लिहिलेले टिपण होय. मुंबई इलाख्यातील शिक्षणाची व्यवस्था 1840 पासून बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे होती. त्याच्या सात सभासदांपैकी तिघे एतद्देशीय असत. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांचा कल, हाती असलेला तुटपुंजा पैसा थोड्यांच्या उच्च शिक्षणावर, आणि तोही इंग्रजीद्वारा खर्च करण्याकडे होता. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा ह्या तिघांनीही ह्या धोरणास विरोध केला. त्यांच्या बाजूस कर्नल जॉर्ज जर्व्हिस उभे राहिले, ही गोष्टही ध्यानात घ्यावयास हवी. गणितविषयक ग्रंथ मराठीत आणण्यासाठी जर्व्हिस ह्यांनी पूर्वी स्वतः परिश्रम केले होते. मराठीतून विद्या सांगता येत नाही, हे त्यांना कोणी पटवून देणे कठीणच होते.

टिपणातील युक्तिवाद व्यवहारी माणसाचा आहे. इंग्रजीचा अभ्यास खुंटवावा, असे नाना कोठेही म्हणत नाहीत. ती सर्वसामान्य जनांच्या आवाक्याबाहेरची आहे, एवढेच ते सांगतात. आणि संपूर्ण लोकसमाजात ज्ञान पसरवावयाचे असेल तर ते त्याच्याच भाषेतून पसरविले पाहिजे, ह्या निष्कर्षास येतात. भाषेच्या थोरवीचे गुणगान त्यात नाही. ज्यास आपण आज भाषाभिमान म्हणतो त्याचा त्यात जवळजवळ अभाव आहे, आणि प्रस्तुत लेखकास तोच त्या लेखनाचा विशेष वाटतो. माल कोणापर्यंत पोहोचावयाचा आहे हे आधी ठरवून मग वाहन निवडावे, अशी ती दृष्टी आहे. त्यातील सर्वांत मार्मिक मुद्दा स्त्रियांचा आहे: देशी भाषेवाचून स्त्रियांपर्यंत शिक्षण न्यावयाचे तरी कसे, असे ते विचारतात. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने 1849 साली मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी गिरगावात आपल्या जागेत अशा शाळेस आश्रय दिला. चरित्रकार ही गोष्ट देणगीच्या सदरात नोंदवितात. टिपणानंतर ती वाचली म्हणजे ती देणगी राहत नाही. दोन वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर ठरते.

येथे ट्यूडरकालीन लंडनमधील एका व्यापाऱ्याचे स्मरण होते. सर टॉमस ग्रेशम (1519-1579) ह्याच्या मृत्युपत्रान्वये 1597 साली जे विद्यालय सुरू झाले, त्यात व्याख्याने लॅटिनबरोबरच इंग्रजीतूनही देण्याची व्यवस्था होती. विद्वानांची भाषा लॅटिन आणि नगरवासीयांची इंग्रजी, अशी तेव्हाची स्थिती. अडीचशे वर्षांनी मुंबईत तीच इंग्रजी लॅटिनच्या आसनावर येऊन बसली होती, आणि तिच्या शेजारी मराठी-गुजरातीस जागा मागण्याचे काम पुन्हा व्यापाऱ्यांनीच केले. साम्य एवढ्यापुरतेच. ग्रेशमच्या हाती स्वतःचा पैसा होता. नानांस सात जणांच्या मंडळात मत मांडावे लागले, आणि अंतिम निर्णय सरकारचा होता.

त्या निर्णयाने वाद निःसंदिग्धपणे मिटला नाही. व्यवहारात मात्र उच्च शिक्षण इंग्रजीकडेच राहिले. 1857 साली विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये नाना होते. पुढे 1860 च्या दशकात ह्याच विद्यापीठाने पदवी-अभ्यासक्रमातून देशी भाषा काढून त्यांच्या जागी अभिजात भाषा आणल्या. मराठीस पुन्हा आत घेण्यासाठी न्यायमूर्ती रानडे ह्यांना दीर्घकाळ खटपट करावी लागली. नानांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावे मॅट्रिकसाठी जी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली, ती संस्कृतची. चिंतामणराव देशमुखांनी 1912 साली ती मिळविली, आणि पिढ्यान् पिढ्या हुशार मुलांनी तिच्याकडे डोळे लावले. संस्कृतविषयी नानांस आदर नव्हता, असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि देशी भाषांसाठी अध्यक्षांच्या विरुद्ध उभा राहिलेला हा गृहस्थ विद्यार्थ्यांच्या स्मरणात संस्कृतचा आश्रयदाता म्हणून राहावा, ह्यात विद्यापीठाच्या भाषाधोरणाचाच इतिहास उमटला आहे. गौरवपर लेखनास ही विसंगती जाणवत नाही, कारण यादीतील बाबी परस्परांशी कधी बोलत नाहीत.

टिपणासही प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्यातील 'लोक' कोण? 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारने मान्य केला नाही. त्या शाळेत त्याची अडचण भाषेची नव्हती. देशी भाषेचे दार उघडले म्हणजे शाळेचे दार उघडतेच असे नाही, हे पुण्यात 1848 साली शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांस ठाऊक होते. नानांच्या टिपणात ह्या अडसराचा विचार कितपत आहे, हे ते टिपण आणि धारवाडचा तो अर्ज शेजारी ठेवून तपासावयास हवे. एम.ए.च्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम प्रबंधिकेसाठी हाती घ्यावे.