प्रयोगवहीतील प्रत्यक्ष आणि अनुमान : उच्च प्राथमिक विज्ञानवर्गाच्या शिस्तीची एक चिकित्सा

(१)

विज्ञानाच्या तासाला लावलेले नियम आणि विद्यार्थ्याच्या हातातील प्रयोगवही या दोन गोष्टी आपण इतक्या गृहीत धरलेल्या आहेत की, त्यांचे एक मजकूर म्हणून वाचन करावे, त्यांतील वाक्ये काय सुचवितात हे तपासावे, असे सहसा कोणास वाटत नाही. अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांची चर्चा आपण विस्ताराने करतो. जिज्ञासा, निरीक्षणशक्ती, वैज्ञानिक दृष्टी हे शब्द त्या चर्चेत वारंवार येतात. परंतु अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या वाचनात ही उद्दिष्टे कधीच येत नाहीत. आपल्याकडून काय अपेक्षिले जात आहे हे त्याला कळते ते भिंतीवरच्या तक्त्यावरून आणि वहीतील आखीव शीर्षकांवरून. म्हणून वर्गाची खरी उद्दिष्टे शोधावयाची असतील, तर ती याच दोन ठिकाणी शोधावयास हवीत. इयत्ता सहावी ते आठवी या टप्प्यापुरता तसा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

(२)

प्रथम नियमांचा विचार करू. कोणत्याही शाळेतील तक्ता घेतला, तर त्यातील कलमे साधारणतः तीन प्रकारची असल्याचे दिसून येते. काही कलमे सुरक्षिततेची असतात : कोणत्याही रसायनाची चव घेऊ नये, वास घ्यावयाचा झाल्यास हाताने वारा घालून दुरून घ्यावा, तापत असलेल्या परीक्षानळीचे तोंड कोणाकडेही करू नये, फुटलेली काच हाताने उचलू नये. यांविषयी वाद संभवत नाही. किंबहुना, या कलमांमागे कारण असते आणि ते मुलाला सांगता येते, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. काही कलमे सोयीची असतात : साहित्य धुऊन जागच्या जागी ठेवावे, गटातील एकानेच साहित्य न्यावे व परत करावे. तीही रास्तच आहेत.

तिसऱ्या प्रकारची कलमे मात्र निराळी आहेत. ‘बोलू नये’, ‘शेजाऱ्याच्या वहीत पाहू नये’, ‘वहीत खाडाखोड करू नये’ ही ती कलमे होत. ती मूळची परीक्षागृहातील आहेत. परीक्षेत प्रत्येकाचे ज्ञान स्वतंत्रपणे मोजावयाचे असल्यामुळे तेथे ती सार्थ ठरतात. विज्ञानाच्या वर्गात आल्यावर मात्र त्यांचा परिणाम नेमका उलटा होतो. शेजाऱ्याचे मापन आपल्या मापनाशी जुळते की नाही हे पाहणे ही शास्त्रीय कामाची पहिली पायरी होय. आपण तिला नक्कल ठरविले आहे. दोघांच्या आकड्यांत फरक का पडला याची चर्चा ही दुसरी पायरी. तिला आपण गोंगाट म्हणतो. चुकलेली नोंद एकाच रेघेने, वाचता येईल अशी खोडावी व शेजारी नवी लिहावी, हा प्रयोगशाळांतील जुना संकेत आहे. कारण आज चूक वाटलेली नोंद उद्या उपयोगी पडू शकते. आपण मात्र मुलाला पान फाडून ‘स्वच्छ’ वही करावयास लावतो. अशा रीतीने शास्त्रीय व्यवहाराचे जे तीन मूलभूत आचार, तेच आपल्या वर्गात तीन अपराध ठरतात.

(३)

आता प्रयोगवहीकडे वळू. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान ही तिची पंचांगी रचना सर्वांच्या परिचयाची आहे. रचना म्हणून तिच्यात दोष नाही. दोष शिरतो तो लिहिण्याच्या क्रमात व भाषेत. अनेक वर्गांत ही पाचही अंगे एकाच बैठकीत, बहुधा फळ्यावरून, आणि पुष्कळदा प्रयोग होण्यापूर्वीच उतरविली जातात. त्यामुळे निरीक्षण हे पाहण्याचे फळ न राहता पाहण्याविषयीचा आदेश बनते.

भाषेची साक्षही याच दिशेने जाते. ‘मेणबत्ती पेटविली. पेला पालथा घातला.’ अशी कृतीची वाक्ये असतात. मराठीच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते; ‘मी’ गाळला, तरी वाक्यात त्याचा मागमूस उरत नाही. त्यामुळे कृती कोणी केली, स्वतः विद्यार्थ्याने की शिक्षकांनी की कोणीच नाही, हे वही वाचून सांगता येत नाही. याउलट निरीक्षणाचे खरे मराठी क्रियापद ‘दिसणे’ हे होय, आणि ते ‘कोणाला?’ या प्रश्नाची वाट पाहत असते. ‘मला काठाशी बुडबुडे दिसले’ या वाक्यात साक्षीदार हजर आहे. आपल्या वह्यांत हे वाक्य क्वचितच आढळते. तेथे ‘पाणी वर चढते’ अशी नित्य वर्तमानकाळातील, कोणाच्याही डोळ्यांवर अवलंबून नसलेली विधाने असतात, आणि अखेरीस ‘यावरून सिद्ध होते की’ हा ठरीव समारोप येतो.

वरील बुडबुड्यांचे उदाहरण सहज घेतलेले नाही. ताटलीतील पाण्यात मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला पालथा घालण्याचा प्रयोग फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक यंत्रज्ञ फिलॉन यानेही तो केला होता. जगभरच्या शालेय पुस्तकांतून तो दीर्घकाळ पुढील अनुमानासह दिला गेला : मेणबत्ती विझते, पाणी पेल्याच्या एक-पंचमांश उंचीपर्यंत चढते, म्हणून हवेत प्राणवायू एक-पंचमांश आहे. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो हे खरेच आहे. परंतु या प्रयोगावरून ते सिद्ध होत नाही. पेल्यातील प्राणवायू सुमारे १६ टक्क्यांवर येतो तेव्हाच ज्योत विझते. म्हणजे त्याचा बराच मोठा भाग शिल्लक राहतो. जो खर्च होतो, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड त्याच्या जागी येतो, आणि तो पाण्यात सावकाश विरघळतो. पाणी चढण्याचे मुख्य कारण वेगळेच आहे. ज्योतीने तापून प्रसरण पावलेली हवा पेला टेकविताना काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते; ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आकुंचन पावते आणि पाणी आत शिरते.

ही सर्व चिन्हे मुलांना दिसू शकतात. बुडबुडे दिसतात. पाणी ज्योत जळत असताना सावकाश न चढता ती विझल्यावर झपाट्याने चढते, हेही दिसते. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्यास पाणी अधिक चढते. मेणबत्त्यांच्या संख्येने हवेतील प्राणवायूचे प्रमाण तर बदलत नाही! इतकेच नव्हे, तर मेणबत्तीवाचून, नुसता गरम पाण्याने विसळलेला पेला पालथा घातला, तरी पाणी थोडेफार वर येते.

येथे आपल्याच परंपरेतील एक परिभाषा उपयोगी पडते. न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली, आणि सदोष हेतूंची चर्चा हेत्वाभास या नावाखाली केली. जो हेतू साध्य नसतानाही आढळतो, तो सव्यभिचार होय. ज्वलन नसतानाही पाणी चढते. तेव्हा ‘पाणी चढले, म्हणून प्राणवायू संपला’ हे अनुमान सव्यभिचार हेतूवर उभे आहे. तर्कसंग्रहाचा प्रारंभिक अभ्यास केलेल्या कोणाही विद्यार्थ्यास हा दोष दाखविता आला असता. मग तो वर्गात का दाखविला जात नाही? कारण वहीत ‘निरीक्षण’ या शीर्षकाखाली प्रत्यक्ष नसते आणि ‘अनुमान’ या शीर्षकाखाली अनुमान नसते; दोन्हीकडे पुस्तकाचे शब्दप्रमाणच नांदत असते. शब्दप्रमाण स्वतः त्याज्य नव्हे. पुष्कळसे विज्ञान आपण सर्व जण आप्तवाक्यावरूनच स्वीकारतो. ते प्रत्यक्षाचा वेष घेऊन येते, हा आक्षेप आहे.

आणि या वेषांतराची किंमत द्यावी लागते ती सर्वांत सावध मुलाला. ज्याने बुडबुडे पाहिले आणि लिहिले, त्याचे उत्तर ‘अपेक्षित निरीक्षणा’शी जुळत नाही, ज्याने काहीच न पाहता फळा उतरविला, त्याला पूर्ण गुण मिळतात. दोन-तीन वर्षे हा अनुभव आल्यावर पहिला मुलगाही शहाणा होतो. तो डोळ्यांना दिसलेले बाजूस ठेवून अपेक्षित ते लिहू लागतो. विज्ञानाच्या वर्गाने अप्रामाणिकपणा शिकवावा, याहून मोठा विपर्यास कोणता?

(४)

याला पर्याय संभवतो काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने देण्याची आवश्यकता नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आजच्या नर्मदापुरममध्ये) १९७२ साली १६ शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभारला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकांचे साहाय्य त्यास लाभले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत, म्हणजे तेथील सहावी ते आठवीच्या वर्गांत, लागू झाला. १९८२ पासून एकलव्य या संस्थेने त्याची धुरा वाहिली. आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. तीस वर्षांचा हा काळ कोणत्याही प्रयोगाच्या परीक्षणास पुरेसा आहे.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने या कार्यक्रमातील कार्यपद्धतीचे नियम महत्त्वाचे आहेत. विद्यार्थी चौघांच्या गटात बसत. प्रयोगाचे साहित्य शाळेला संचाच्या रूपाने मिळे व ते मुलांच्या हाती दिले जाई. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रयोगाची रीत आणि प्रश्न असत; उत्तरे मात्र मुलांनी स्वतःच्या नोंदींवरून लिहावयाची असत. गटागटांचे आकडे एकत्र मांडून त्यांवर चर्चा होई. मोजमापातील घटबढ हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय होता. म्हणजे दोन मुलांची मापे न जुळणे हा अपराध नसून शिकण्यासारखी वस्तुस्थिती आहे, हे अभ्यासक्रमानेच मान्य केले होते. परीक्षेत पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षाही घेतली जाई. मुलांनी आपले प्रश्न ‘सवालीराम’ या कल्पित व्यक्तीस पत्राने विचारावेत, अशीही सोय होती.

वर उल्लेखिलेली परीक्षागृहातील तीनही कलमे येथे उलटविलेली आहेत, हे वाचकांच्या ध्यानात येईल. बोलणे, शेजाऱ्याचे पाहणे आणि नोंद सुधारणे यांस येथे रीतसर स्थान होते. तथापि यास शिस्तीचा अभाव म्हणता येणार नाही. गटाची रचना, साहित्याची देवघेव, नोंदीचा तक्ता, चर्चेची वेळ हे सर्व ठरलेले होते. पुस्तक उघडे ठेवून घेतलेल्या परीक्षेमुळे पाठांतरास किंमत उरली नाही, आणि म्हणून वहीत खोटे लिहिण्याचे कारणही नाहीसे झाले. परीक्षा बदलल्यावाचून वर्गाचे नियम बदलत नाहीत, हा या कार्यक्रमाचा सर्वांत टिकाऊ धडा होय.

(५)

या पद्धतीस मर्यादा नाहीत असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. अणूची रचना किंवा रोगजंतूंचे कार्य मुलांनी चार वस्तू हाताळून स्वतः शोधावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्मस्ट्राँग याने पुरस्कारलेल्या स्वयंशोधन पद्धतीवरही हाच आक्षेप घेण्यात आला, आणि तो निराधार नव्हता. वेळ अधिक लागतो हेही खरे. वर्ग मोठे असतात, हे तर शिक्षकांचे नित्याचे गाऱ्हाणे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या टप्प्यावर दर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा असे ठरविले असले, तरी पस्तीस मुलांच्या हाती एकाच वेळी काचसामान व ज्योत देणे सोपे नाही.

परंतु या आक्षेपांनी सिद्ध होते ते इतकेच की, सर्व काही प्रयोगाने शिकविता येणार नाही. जे प्रयोगाने शिकविल्याचा दावा आपण करतो, तेथे खोटे लिहून घ्यावे, असे त्यांवरून निघत नाही. जे सांगावयाचे ते ‘हे असे आहे’ म्हणून सरळ सांगावे. त्यासाठी प्रयोगाचे सोंग नको. आणि जे दाखवावयाचे ते दिसू द्यावे.

(६)

तेव्हा सुधारणा कोठून सुरू करावी? सुचवावयाच्या गोष्टी खर्चाच्या नाहीत. निरीक्षणाचे पान प्रयोग संपेपर्यंत कोरे ठेवावे. त्यातील प्रत्येक वाक्य ‘मला’ किंवा ‘आम्हांला’ या शब्दाने सुरू व्हावे. खोडलेली नोंद वाचता येईल अशीच खोडावी, आणि तिच्यासाठी गुण कापू नयेत. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत, तर तासातील पाच मिनिटे त्या फरकासाठी राखून ठेवावीत. सुरक्षिततेची कलमे मात्र कारणांसह, आणि अपवाद न करता पाळावीत.

मेणबत्तीचा प्रयोगही टाकून देण्याची गरज नाही. एका चुकीच्या अनुमानाची परीक्षा म्हणून तो अमूल्य आहे. त्याच्या जोडीस परीक्षानळीच्या तळाशी ओला लोखंडी कीस बसवून ती पाण्यात उलटी उभी करावी आणि काही दिवस थांबावे. गंज घनरूप असल्यामुळे खर्च झालेल्या प्राणवायूच्या जागी दुसरा वायू येत नाही, आणि पाणी खरोखरच एक-पंचमांशाच्या आसपास चढते. दोन्ही प्रयोगांचा आकडा जवळपास सारखा येऊ शकतो. मात्र त्यांपैकी एकच अनुमान ग्राह्य आहे. हा भेद ज्या बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नोंदींवरून कळला, त्याला विज्ञान कळावयास प्रारंभ झाला असे म्हणता येईल. आणि ज्या वर्गात तो कळू शकतो, त्या वर्गातील बोलण्याचा आवाज बाहेरून जाणाऱ्या मुख्याध्यापकांस गोंगाट वाटला, तरी त्यास शिस्तच म्हणावे लागेल.